लेकीची जपानातली शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषींना बोलावून व्याख्यान ठेवायची आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, मंडळातल्याच बायकांनी आपापल्या माहितीचे चार शब्द बोलावेत. माझ्या वाट्याला विषय आला तो 'परदेशात इंग्रजी शिकवताना'! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या कोकणातल्या गावची शाळा सातवीलाच संपायची, पुढचे हायस्कूल खाडीपलीकडे, आणि रोज होडीतून मुलीला पाठवायला घरातले तयार नव्हते. परदेश तर मी नकाशातच पाहिलेला. तेव्हा हा विषय मला का दिला, असे तुम्हाला वाटेल. पण माझी थोरली मुलगी २०२३ च्या एप्रिलपासून जपानात प्राथमिक शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि तिच्या शाळेची सगळी हकीकत रोज माझ्या ओट्यापाशी येते.

जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले की तिकडे रात्रीचे नऊ. तिचे जेवण आटोपलेले असते आणि माझी कणीक मळायची वेळ असते. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. तिचा चेहरा दिसतो, ती बोलते आणि मी मळते. अशा कितीतरी संध्याकाळी ऐकलेले आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी थोडी माहिती सांगते. परदेशी माणसांना बोलावून मुलांना इंग्रजी शिकवायची चाल जपानात जुनी आहे. १८९० साली लाफकादिओ हर्न नावाचे एक लेखक मात्सुए या गावी शाळेत इंग्रजी शिकवायला आले. त्यांनी तिकडच्याच मुलीशी लग्न केले, जपानी नाव घेतले आणि ते तिकडचेच झाले. १९८७ साली तिथल्या सरकारने 'जेट' नावाची योजना काढली. तेव्हापासून देशोदेशीची तरुण मुले-मुली मदतनीस शिक्षक म्हणून जपानी शाळांत जातात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, आणि तिसरी-चौथीला खेळ-गाण्यांतून इंग्रजीची ओळख करून देतात. आमची मुलगी सरकारी योजनेतून गेलेली नाही. शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत गेली. करार एकेका वर्षाचा. तिकडे शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि करारही त्याच बेताने संपतो. वर्गाचे मुख्य शिक्षक जपानी, आणि ही त्यांच्या जोडीला उभी.

आता गमती ऐका. पहिल्याच आठवड्यात तिने मुलांच्या वह्या तपासल्या. बरोबर उत्तरापुढे आपल्यासारखी बरोबरची खूण केली. वह्या परत दिल्या तर सगळा वर्ग गप्प, आणि एका मुलीच्या डोळ्यांत पाणी! जपानात बरोबर उत्तराला गोल करतात, आणि आपली बरोबरची खूण तिकडे 'चुकले' या अर्थाची असते. ज्या मुलीचे सगळेच बरोबर होते, तिला वाटले आपले सगळेच चुकले. वर्गशिक्षकांनी समजावून सांगितले तेव्हा कुठे हसू फुटले. फारच छान असेल तर गोलाभोवती पाकळ्या काढून फूल करायचे. त्याला तिकडे 'हानामारु' म्हणतात. मुले त्या फुलासाठी जीव टाकतात.

दुसरी गंमत लाल शाईची. तिने मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या हौसेने लाल रंगात लिहिल्या. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकवाचा रंग, लग्नपत्रिकेचा रंग. तिकडे मात्र जिवंत माणसाचे नाव लाल रंगात लिहिणे अशुभ समजतात. एका वयस्क शिक्षिकेने काही न बोलता निळ्या पेनांचा जुडगा तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः शेजारी बसून निम्म्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. मला त्या बाईंचे फार कौतुक वाटले. समजावून सांगण्याची ही रीत आपणही घ्यावी अशी आहे.

मान डोलावण्यावरूनही घोटाळा झाला. आपण 'हो हो' म्हणताना मान दोन्ही खांद्यांकडे डोलावतो. एक मुलगा धीर करून उत्तर सांगू लागला, हिने मान डोलावली, आणि तो मध्येच थांबून खाली बसला. त्याला वाटले, बाई नाही म्हणताहेत. तिकडे 'हो' म्हणजे मान वरून खाली. तसेच 'मी?' असे विचारताना आपण छातीला हात लावतो, तर तिकडची मुले नाकाला बोट लावतात. हिने एकाला उभे राहायला सांगितले, त्याने नाकाला बोट लावले, आणि ही विचारते आहे की बाळा, नाकाला काय लागले!

शब्दांचे घोटाळे तर विचारूच नका. जपानीत र आणि ल हे दोन वेगळे उच्चार नाहीत. दोहोंच्या मधला एकच आहे. त्यामुळे मूल मोठ्या प्रेमाने सांगते की मी रोज 'लाइस' खातो. राइस म्हणजे भात, आणि लाइस म्हणजे उवा! इंग्रजीतले पुष्कळ शब्द जपान्यांनी आपल्या भाषेत घेतले, पण त्यांचे अर्थ बदलून गेले. 'मान्शोन' म्हणजे साधा फ्लॅट, राजवाडा नव्हे. 'स्मार्ट' म्हणजे हुशार नव्हे, तर सडपातळ. कोणी तरी तिला 'स्मार्ट' म्हटले म्हणून तिने मला आनंदाने सांगितले, आणि चार दिवसांनी अर्थ कळल्यावर म्हणाली, "आई, अगं, मी वाळले आहे असं म्हणत होते ते!" मी म्हटले, मग खरेच बोलले, तूप खात जा.

खाण्याचे म्हणाल तर तिथल्या प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण वर्गातच असते. मुलेच पांढरे डगले घालून वाढतात आणि शिक्षक मुलांबरोबर जेवतात. पण भाजीत, सारात, सगळीकडे माशाचे पाणी. मी माहेरची कोकणातली असले तरी आमचे घर शाकाहारी, आणि मुलगीही तशीच. तेव्हा तिने शाळेची परवानगी काढून डबा न्यायला सुरुवात केली. मुले पोळीकडे टक लावून बघत. त्यांना भात-कढी माहीत, तीही त्यांच्या पद्धतीची, गोडसर आणि दाट. तिला ते 'करे राइस' म्हणतात. टोकियोत नाकामुराया नावाचे एक दुकान आहे. आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस इंग्रजांच्या तावडीतून निसटून जपानात गेले तेव्हा १९१५ साली त्या दुकानाच्या मालकांनी त्यांना आसरा दिला. पुढे त्या घरची मुलगी त्यांनी केली, आणि १९२७ साली त्या दुकानात हिंदी पद्धतीची कढी मिळू लागली. हे ऐकले तेव्हा मला वाटले, आपली माणसे किती दूरवर जाऊन काय काय ठेवून आली आहेत! आजही टोकियोच्या एदोगावा भागात आपली पुष्कळ मंडळी राहतात. तिथल्या स्थानिक सभेत २०१९ साली आपले मराठी गृहस्थ योगेंद्र पुराणिक निवडून आले. माझी मुलगी रविवारी त्याच भागात जाऊन कणीक, तूरडाळ आणि हिंग घेऊन येते.

आता सुखाच्या गोष्टी सांगते. शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आत घालायचे वेगळे जोडे घालायचे. ही चाल हिला शिकवावी लागली नाही, कारण आपल्या उंबऱ्याला तीच शिस्त आहे. जेवण झाले की मुले हातात फडकी घेऊन शाळा झाडतात, पुसतात. लहान पोरे ओळीने फडक्यावर हात टेकून वाकून धावत जातात आणि फरशी लख्ख होते. आमची मुलगीही पदर, म्हणजे ओढणी, खोचून त्यांच्यात. ती म्हणते, "आई, वर्गात बोलायला लाजणारी मुलं फडकं हातात असलं की माझ्याशी बोलायला लागतात. बादलीला काय म्हणायचं, ओल्याला काय म्हणायचं, सगळं विचारतात." निम्मे इंग्रजी तिने असे फरशीवर शिकवले.

एकदा ती वर, आत, खाली हे शब्द शिकवत होती. टेबलावर पुस्तक, पेटीत पेन्सिल, खुर्चीखाली मांजर. त्याच आठवड्यात वर्ग चालू असताना भूकंपाचा धक्का बसला. तिकडे असे धक्के नेहमीचे. लहानपणापासून सराव असल्यामुळे मुले झटकन बाकांखाली गेली. ही मात्र जागच्या जागी उभी, तिला काही सुचेना. तेव्हा बाकाखालून सगळी मुले ओरडू लागली, "सेन्सेई, आंदा! आंदा!" सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. हिला आधी वाटले, अंडे कुठून आले? मग उमजले की मुले 'अंडर' म्हणताहेत. बाई, खाली बसा! ती टेबलाखाली गेली. धक्का लहान होता, कोणाला काही झाले नाही. पण तिने शिकवलेला शब्द मुलांनी तिलाच वाचवायला वापरला. त्या संध्याकाळी हे ऐकताना माझी कणीक तशीच राहिली.

आणखी एक गोष्ट सांगते, ती माझ्यासारख्या कमी शिकलेल्या बाईलाही आनंद देणारी आहे. जपानी मुलांची मुळाक्षरे कशी आहेत माहीत आहे? आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ऐकताना आपल्याच मुळाक्षरांची आठवण होते की नाही? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेचे ज्ञान तिकडे गेले आणि त्यावरून हा क्रम बसला, असे जाणकार सांगतात. वाक्याची ठेवणसुद्धा आपल्यासारखी. आपण म्हणतो 'मी भात खाते'. तेही आधी मी, मग भात, शेवटी खाते. 'गोहान' म्हणजे भात आणि जेवणही. इंग्रजीत मात्र खाते मध्ये येते आणि भात शेवटी जातो. म्हणून तिकडचे मूल 'आय ॲपल ईट' म्हणाले तर आमच्या मुलीला त्याचे नवल वाटत नाही. मूल कुठे अडते ते तिला ठाऊक असते, कारण मराठी माणूसही तिथेच अडतो. आणि जपानीतला 'त्सु' हा उच्चार, जो गोऱ्या शिक्षकांना जड जातो, तो हिला आयता आला. आपल्या चमच्यातला च म्हटला की झाले.

मुलांना धीर यावा म्हणून तिने एक युक्ती केली. फळ्यावर 'बाळ' असे लिहिले आणि मुलांना म्हणायला लावले. तो ळ काही कोणाच्या जिभेवर बसेना! मुले हसून लोटपोट. मग ती त्यांना म्हणाली, "तुम्हाला ळ येत नाही, मला तुमची चित्रलिपी येत नाही, तेव्हा आता कोणी लाजायचे नाही." तिचे म्हणणे असे की, जपानी मुलांना इंग्रजी शब्द पुष्कळ माहीत असतात. अडते ते भीतीपायी. चारचौघांत चुकलो तर लोक हसतील, ही भीती.

मैत्रिणींनो, आता जरा कठीण भागाकडे येते. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात असे झाले की, एका मुलाच्या आईने घर आणि शाळा यांच्यामध्ये रोज जा-ये करणाऱ्या वहीत शाळेसाठी मजकूर लिहिला. या बाई इंग्लंड-अमेरिकेच्या नाहीत, त्यांच्याकडून शिकून माझ्या मुलाचे उच्चार बिघडणार तर नाहीत ना? भाषा सौम्य होती, पण प्रश्न तोच. कंपनीच्या कचेरीतूनही फोन आला की, पालकांचे समाधान होणे महत्त्वाचे आहे. पुढच्या वर्षीचा करार व्हायचा होता. त्या रात्री माझी मुलगी फोनवर रडली. म्हणाली, "आई, मी परत येते. इंग्रजी काही आपली नव्हेच. मी कोणत्या तोंडाने शिकवू?"

आता मी तिला काय सांगणार? इंग्रजीतले मला काय कळते? पण मला माझी गोष्ट माहीत होती, तीच मी सांगितली. मी लग्न होऊन कोकणातून या घाटावर आले तेव्हा माझ्या बोलण्याला आमच्या कोकणचा हेल होता. पाण्याच्या नळावर मी एक वाक्य बोलले की चार जणी माझ्यासारखे बोलून दाखवत. मी जवळजवळ वर्षभर नळावर तोंड उघडले नाही. हंडा भरायचा आणि खाली मान घालून यायचे. शेवटी सासूबाईंनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितले, "ती बोलते ती मराठीच आहे. मालवणची मराठी वेगळी, नागपूरची वेगळी, आपली वेगळी. तिची बिघडलेली आणि आपली सुधारलेली, असे कोणी ठरवले?" सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून मी बोलू लागले, आणि आज या मंचावर उभी आहे ती त्या एका वाक्याच्या जोरावर.

मी मुलीला म्हटले, "घराचे दार तुला केव्हाही उघडे आहे. तुला कंटाळा आला, आठवण आली, तर उद्या ये. पण ही भाषा तुझी नव्हे असे कोणी म्हणाले म्हणून येऊ नकोस. तू बारा-पंधरा वर्षे ती मेहनतीने शिकलीस. लंडनची इंग्रजी वेगळी, अमेरिकेची वेगळी, तशी आपली वेगळी. तू शुद्ध शिकव आणि सावकाश शिकव." हे घरी ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फोन करून विमानाच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले आहेत एवढे सांगितले. यायचे की राहायचे ते तिच्यावर सोडले.

ती राहिली. वर्गशिक्षकांनी त्या पालकांना उत्तर पाठवले की, मुलांनी जगातल्या माणसांशी बोलावे म्हणून आपण इंग्रजी शिकवतो, आणि जगातली माणसे नाना तऱ्हेने इंग्रजी बोलतात. फेब्रुवारीत पालकांनी वर्गात बसून शिकवणे बघायचा दिवस होता. ती आईही मागे उभी होती. तिचा मुलगा वर्गात सगळ्यांत अबोल. प्रत्येकाने आपल्या आवडीचे काही सांगायचे होते. त्याची पाळी आली तेव्हा बराच वेळ शांतता. आमच्या मुलीने घाई केली नाही, पुढचे नावही घेतले नाही. मग तो म्हणाला, "मला माझा कुत्रा आवडतो. तो म्हातारा आहे." दोन लहान इंग्रजी वाक्ये. त्याच्या आईने काही म्हटले नाही, नुसती वाकून नमस्कार करून गेली. दुसऱ्या दिवशी वहीत एक ओळ होती : "घरी हा रोज रात्री कुत्र्याला इंग्रजीत 'गुड नाइट' म्हणतो."

करार पुढे झाला, पण शाळा बदलली. कंपनी पाठवील तिकडे जायचे, असा नियम. त्या मुलांना सोडून जायचे तिला फार जड गेले. मार्चच्या शेवटच्या दिवशी मुलांनी तिला एक मोठा कागद दिला. त्यावर मधोमध तिचे चित्र, ओढणीसकट, आणि सभोवार पाकळ्या. मुलांनी बाईंनाच 'हानामारु' दिला होता. त्या सुमारास तिकडे साकुराची झाडे फुलतात आणि आपल्याकडे कासचे पठार बघायला लोटतात तशी माणसे ती फुले बघायला लोटतात. हिला मात्र त्या वर्षी तो कागदच पुरेसा होता. मी फोनवरून पाहिला. त्यात तिचे नाव निळ्या शाईने लिहिले होते.

आता मुद्द्याचे बोलते आणि तुमचा वेळ घेत नाही. जपानातली मुले शब्द माहीत असून गप्प बसतात आणि आपणही तेच करतो. बँकेतला फॉर्म, दवाखान्यातली चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरची तारीख, नातवंडाच्या शाळेचा निरोप, ही अक्षरे आपल्यापैकी पुष्कळ जणींना लावता येतात, पण चारचौघींत वाचायला धजत नाही. मग दुसऱ्याच्या हातात कागद देतो आणि तो सांगेल ते ऐकतो. आपल्याच औषधाची मात्रा आणि आपल्याच खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, हे बरे नव्हे.

म्हणून माझी अशी सूचना आहे की, दर गुरुवारी भजन झाल्यावर आपण अर्धा तास बसावे. प्रत्येकीने घरातला एक इंग्रजी कागद आणावा आणि तो मिळून वाचावा. आपल्यातल्या ज्या कॉलेज शिकलेल्या सुना आहेत त्यांनी शिकवावे, आणि अडले तर माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी फोनवरून सांगायला तयार आहे. तिला मी विचारून ठेवले आहे. फी काही नाही. नियम एकच. दुसरीच्या उच्चाराला जी हसेल तिने त्या गुरुवारचा चहा सगळ्यांना पाजायचा. वहीत बरोबर वाचलेल्या कागदापुढे आपणही फूलच काढू.

अध्यक्षीणबाईंनी ही सूचना कार्यकारिणीपुढे ठेवावी अशी त्यांना विनंती आहे.